२जी बंद करा म्हणणं सोपं आहे, आधी कॉल कुठून जाणार ते सांगा

३१ जुलै २०२० ला भारतातल्या पहिल्या मोबाईल कॉलला पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताच्या कार्यक्रमात रिलायन्स जिओचे मुकेश अंबानी म्हणाले की देशातले ३० कोटी ग्राहक अजून २जीच्या काळात अडकून पडलेत आणि त्यांना स्मार्टफोनवर आणायला तातडीने धोरण आखायला हवं. तेव्हापासून ‘२जी मुक्त भारत’ ही घोषणा अधूनमधून कानावर येतेच. ऐकायला बरोबरच वाटतं, ५जी येऊनही झालं, ६जीच्या गप्पा सुरू झाल्या, मग तीस वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान किती दिवस सांभाळत बसायचं? मलाही वाटतं की २जी जायला हवं, कायम ठेवावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ते कधी जाणार आणि कुठल्या अटींवर जाणार हे कंपन्यांनी आपापल्या हिशोबाने ठरवायचं नाही, ते सरकारने आणि ट्राय या दूरसंचार नियामकाने लोकांसमोर तारीख देऊन, अटी लिहून ठरवायला हवं. आत्ता जे चाललंय त्यात घोषणा आहे आणि तारीख नाही, आणि ज्यांचा फोन बंद पडणार त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

हे नीट समजायचं तर मोबाईलच्या पिढ्यांमध्ये नक्की काय बदललं ते बघावं लागतं, कारण जाहिरातीतून आपल्याला फक्त स्पीड दिसतो. २जी म्हणजे स्लो, ३जी म्हणजे बरं, ४जी म्हणजे फास्ट, ५जी म्हणजे त्याहून फास्ट, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. खरा बदल आतल्या बांधणीत झालाय, आणि २जी बंद करण्याचा सगळा घोळ त्या बांधणीतूनच येतो.

पहिली पिढी आपल्याकडे आलीच नाही म्हटलं तरी चालेल. जपानमध्ये १९७९ ला टोकियोत कारफोन सुरू झाले, १९८३ ला शिकागोत अमेरिकेचं पहिलं व्यावसायिक नेटवर्क सुरू झालं, ते सगळं अ‍ॅनालॉग, रेडिओसारखं, स्कॅनर घेऊन बसलं की कुणाचंही बोलणं ऐकता यायचं. मूळ कल्पना त्याहून जुनी, बेल लॅब्समध्ये १९४७ सालीच डग्लस रिंग यांनी एका टिपणात मांडली होती, की शहराचे छोटे छोटे भाग म्हणजे सेल पाडायचे आणि एकच फ्रिक्वेन्सी लांबलांबच्या सेलमध्ये पुन्हा पुन्हा वापरायची. आजचं ५जी सुद्धा याच कल्पनेवर उभं आहे.

मग युरोपने १९८२ पासून एकत्र बसून जीएसएम म्हणजे दुसऱ्या पिढीचं, २जीचं डिजिटल तंत्रज्ञान बनवलं, १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये त्यावरचा पहिला कॉल झाला, आणि चारच वर्षांनी, ३१ जुलै १९९५ ला, पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. म्हणजे आपण थेट दुसऱ्या पिढीवर आलो. तेव्हा आउटगोइंगला मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास पडायचे आणि इनकमिंगलाही पैसे लागायचे, म्हणून लोक नंबर बघून फोन कट करायचे आणि एसटीडी बूथवरून उलट लावायचे. २००३ ला इनकमिंग फुकट झालं, त्यानंतर मोबाईल खऱ्या अर्थाने रिक्षावाले, भाजीवाले, शेतमजूर यांच्या हातात आला. मिस कॉल देऊन निरोप पोचवायची आपली पद्धत तिथूनच.

आता त्या २जीच्या आत काय असतं ते बघू. फोन टॉवरशी बोलतो, बरेच टॉवर मिळून एका कंट्रोलरला जोडलेले असतात, कंट्रोलर पुढे स्विचिंग सेंटरला, आणि कुठला नंबर सध्या कुठे आहे याची नोंदवही वेगळ्या डेटाबेसमध्ये. रेडिओची एक पट्टी २०० किलोहर्ट्झची, तिचे वेळेनुसार आठ तुकडे पाडलेले. कॉल लागला की एक तुकडा तुमच्या नावावर, तुम्ही गप्प बसलात तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. हे उधळपट्टीचं वाटतं आणि आहेच, पण त्यातून एक गोष्ट हमखास मिळायची, आवाज हे नेटवर्कचं मुख्य काम होतं. जगातला कुठलाही जीएसएम फोन घ्या, कुठल्याही कंपनीचं सिम घाला, काही सेटिंग नको, अ‍ॅप नको, कॉल लागतो. ही साधी वाटणारी गोष्ट पुढच्या पिढ्यांमध्ये राहिली नाही, ते पुढे येतंच.

इंटरनेट नंतर चिकटवलं. जीपीआरएस म्हणून २जीच्या बाजूला डेटासाठी वेगळी वाट काढली, कॉल जुन्या वाटेने आणि डेटा नव्या. ३जीने रेडिओ पूर्ण बदलला, पण आत दोन वाटा तशाच ठेवल्या. आपल्याकडे एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत ३जी आणलं, २०१० च्या लिलावात सरकारला ३जीच्या स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्या वापरायच्या हक्काचे, जवळपास ६७,७०० कोटी मिळाले, कंपन्या कर्जात बुडाल्या, आणि ३जी गावागावात पोचेपर्यंत ४जी दारात उभं होतं.

४जी आलं आणि इथे खरी उलथापालथ झाली. मधला कंट्रोलर काढून टाकला, त्याची बरीचशी अक्कल टॉवरमध्येच दिली, आणि कॉलसाठी असलेली जुनी वाट सरळ उडवून लावली. ४जीच्या नेटवर्कला फक्त डेटाची पाकिटं कळतात. मग बोलायचं कसं? दोन मार्ग. एक म्हणजे कॉल आला की फोनने ४जी सोडायचं, खाली ३जी किंवा २जीवर उतरायचं, बोलून झालं की परत वर यायचं. दुसरा म्हणजे आवाजाचीच पाकिटं करून डेटाच्या वाटेने पाठवायची, त्याला व्होल्टी म्हणतात, आणि त्यासाठी नेटवर्कच्या वर आयएमएस नावाची आणखी एक यंत्रणा लागते. फोनला आधी तिथे स्वतःची नोंद करावी लागते, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची व्होल्टी सेटिंग असावी लागते, कंपनीने तो फोन मान्य केलेला असावा लागतो. यातली एक कडी निसटली की तुमच्या फोनवर ४जीचे भरपूर दांडे, यूट्यूब मस्त चालतंय, आणि कॉल मात्र लागत नाही, किंवा फोन गुपचूप २जीवर उतरून कॉल लावतो आणि तुम्हाला कळतही नाही.

जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, पहिल्या दिवसापासून फक्त ४जी. मग ज्यांच्या फोनमध्ये व्होल्टी नव्हतं त्यांना कॉल करायला जिओ४जीव्हॉइस नावाचं अ‍ॅप टाकावं लागायचं, आठवत असेल बऱ्याच जणांना. जिओचं श्रेय मी नाकारत नाही, त्यांच्यामुळे डेटा स्वस्त झाला, देशभर व्होल्टी रुळलं. पण ज्या कंपनीकडे २जी कधी नव्हतंच तिने २जी बंद करा म्हणणं आणि ज्यांच्याकडे २जीचे कोट्यवधी ग्राहक आहेत त्यांनी गप्प राहणं, यात दोन्हीकडे धंद्याचा हिशोब आहे आणि तो असणारच, धंदाच आहे तो. म्हणूनच निर्णय त्यांच्या हातात नको.

५जीत आवाजाची गोष्ट सुटली असेल असं वाटत असेल तर आत्ता फोन घ्या आणि वरच्या कोपऱ्याकडे बघत कुणालातरी कॉल करा. ५जी दिसत असेल तर बऱ्याच वेळा कॉल लागताना तिथे ४जी येतं. कारण ५जीवरून थेट आवाज नेणारी सोय सगळीकडे, सगळ्या फोनना मिळालेली नाही, म्हणून फोन एक पायरी खाली उतरतो. शिवाय ५जी दोन प्रकारचं, एक जे ४जीच्याच गाभ्यावर, म्हणजे टॉवरमागच्या मुख्य यंत्रणेवर, नवे रेडिओ बसवून चालतं आणि दुसरं ज्याचा गाभाही नवा आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने पहिला मार्ग घेतला, जिओने दुसरा. मुद्दा एवढाच की प्रत्येक नवी पिढी काही ना काही कामाला खालच्या पिढीवर टेकून उभी असते. सगळ्यात खालची पायरी काढायची तर तिच्यावर आज काय काय टेकलंय ते आधी मोजायला लागतं.

आणि म्हणूनच जगात एक उलटी वाटणारी गोष्ट घडली, ३जी आधी मेलं आणि २जी मागे राहिलं. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झालं, २जी त्यानंतरही चालू राहिलं. ब्रिटनने २जी आणि ३जी दोन्ही जास्तीत जास्त २०३३ पर्यंत बंद होतील असं आधीच जाहीर करून टाकलं, तिथेही कंपन्यांनी आधी ३जीलाच हात घातला. कारण सरळ आहे, ३जीचं डेटाचं काम ४जी जास्त चांगलं करतं आणि आवाजाचं काम २जी कमी खर्चात करतं, मग ३जी उरलं कशाला. आपल्याकडेही खाजगी कंपन्यांनी ३जी सर्कलमागून सर्कल (दूरसंचारचे विभाग, साधारण एका राज्याएवढे) गुंडाळलं. ज्यांचे फोन ३जी होते ते एका रात्रीत २जी ग्राहक झाले, म्हणजे देशातले २जीवाले काही अंशी कंपन्यांनीच तयार केलेत, हे त्या ३० कोटींच्या आकड्याबद्दल बोलताना कुणी सांगत नाही.

आता २जीवर नक्की कोण आहे? आपण म्हणतो म्हातारी माणसं, गरीब माणसं, बटणाचा फोन वापरणारे. ते आहेतच. चार-चार दिवस चार्ज टिकणारा, पडला तरी न फुटणारा फोन हा त्यांचा विचार करून घेतलेला निर्णय आहे, त्याला मागासपणा म्हणू नये. पण माणसांशिवाय मशिनंही आहेत, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

माझे मामा पारनेर तालुक्यात शेती करतात. विहीर घरापासून दीडेक किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे. तिथे स्टार्टरच्या पेटीत एक छोटा डबा बसवलाय, त्यात सिमकार्ड आहे, आमच्याकडे सगळे त्याला मोबाईल स्टार्टर म्हणतात. त्या सिमचा नंबर लावायचा, डबा आपोआप फोन उचलतो, आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा आकडा दाबला की बंद, लाईट नसेल तर वेगळा आवाज येतो. शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि रात्री दोन वाजता लाईट आली म्हणून ओढा ओलांडून विहिरीवर जायचं म्हणजे साप, विंचू, आणि आमच्या त्या पट्ट्यात आता बिबट्या. तो डबा आल्यापासून मामा रात्री घरातूनच मोटर चालू करतात. मामी सांगते की आधी ते परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने अशी यंत्रणा बनवली ती याच त्रासातून, आणि त्यानंतर अनेक छोट्या उत्पादकांनी तसे डबे बाजारात आणले. मामांच्या डब्यात २जीचं मोडेम आहे. स्वस्त म्हणून घेतलेलं, आणि त्या कामाला तेवढंच पुरतं, कॉल उचलायचा आणि आकडा ओळखायचा.

२जी बंद झालं की त्या डब्याचं सिम बदलून भागणार नाही, डबाच बदलावा लागेल. मामांना कुणी सांगितलेलं नाही की हे कधीतरी होणार आहे. असा मेसेज येणार तरी कुणाला, त्या सिमवर आलेला मेसेज विहिरीवरच्या पेटीत पडून राहणार! शाळेच्या बसमधला ट्रॅकर, टेम्पोचा जीपीएस, दुकानातलं जुनं कार्ड स्वाइप करायचं मशिन, सोसायटीच्या लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, यातल्या कितींमध्ये २जीच आहे हे त्यांच्या मालकांनाही माहीत नसतं.

अमेरिकेत हे होऊन गेलंय. एटी अँड टीने २०१६ संपता संपता २जी बंद केलं, चार वर्षं आधी जाहीर करून, आणि तरीही जानेवारी २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बस कधी येणार हे सांगणारे बोर्ड चुकायला लागले, कारण बऱ्याच बसगाड्यांमधली मोडेम २जीवरच राहिली होती. एवढं श्रीमंत शहर, चार वर्षांची मुदत, आणि तरी राहून गेलं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे ३जी बंद करायच्या आधी लक्षात आलं की काही फोन ४जीवर रोजचे कॉल व्यवस्थित करतात पण ट्रिपल झिरो म्हणजे आपल्या ११२ सारखा आणीबाणीचा नंबर लावला की ते ३जी शोधतात. म्हणजे एरवी सगळं ठीक, आणि हार्ट अटॅक आला तेव्हाच फोन लागणार नाही. शेवटी बंद करायची तारीख पुढे ढकलून ऑक्टोबर २०२४ केली, लोकांना आपला फोन तपासता यावा म्हणून एक नंबर दिला, आणि असे फोन नेटवर्कवरच येऊ द्यायचे नाहीत असा नियम केला. सरकार मध्ये पडलं म्हणून हे झालं. आपल्याकडे परदेशातून आणलेले, जुने, सेकंडहँड, कुठकुठल्या कंपन्यांचे फोन किती आहेत विचार करा. त्यातल्या कितींवर २जी नसताना ११२ लागेल, याची यादी कुणी केली आहे का?

२जी बंद करा म्हणणाऱ्यांची बाजूही मजबूत आहे, ती बाजूला सारून चालणार नाही. पहिली गोष्ट स्पेक्ट्रमची. २जीची ९०० मेगाहर्ट्झची पट्टी सोन्याच्या भावाची आहे, लांब जाते, भिंतीतून आत शिरते, घाटात-डोंगरात पोचते. २जीत शेजारशेजारच्या सेलना एकच चॅनेल देता येत नाही, त्यामुळे हातातल्या स्पेक्ट्रमचा एक हिस्साच एका ठिकाणी कामाला येतो, ४जीत तेवढीच पट्टी प्रत्येक टॉवरवर पूर्ण वापरता येते. खेड्यातल्या पोरीला ऑनलाईन फॉर्म भरायचाय आणि तिच्या गावाला पोचू शकणारी सगळ्यात चांगली पट्टी जुन्या कॉलांसाठी अडवून ठेवलीय, हा आक्षेप खराच आहे. दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि ती मला सगळ्यात जास्त पटते. २जीत फोनला टॉवरपुढे स्वतःची ओळख पटवावी लागते, टॉवरला मात्र फोनपुढे काहीच सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे कुणीही छोटं मशिन गाडीत ठेवून खोटा टॉवर उभा करू शकतो, आसपासचे फोन त्याला चिकटतात, आणि बँकेच्या नावाने खोटे मेसेज थेट इनबॉक्समध्ये येऊन पडतात. ३जीपासून ही ओळख दोन्ही बाजूंनी लागते. २जीचं जुनं एन्क्रिप्शनही कधीच फोडलं गेलंय. ज्या देशात पेन्शनपासून गॅस सबसिडीपर्यंत सगळं ओटीपीवर चालतं, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीलाही आधारचा ओटीपी लागतो, तिथे एसएमएस सगळ्यात कच्च्या नेटवर्कवरून फिरतो ही काळजीचीच गोष्ट आहे.

म्हणून म्हटलं, जायला हवं.

पण स्पेक्ट्रमच्या मुद्द्याला एक उत्तर आहे जे या वादात कमी ऐकू येतं. ९०० ची पट्टी पूर्ण रिकामी करायची गरज नसते. तिच्या कडेला २जीचा एक पातळ थर, दोन-अडीच मेगाहर्ट्झचा, ठेवायचा आणि बाकी सगळी ४जीला द्यायची, हे जगभरच्या कंपन्या करतात. आजकाल टॉवरवरचा एकच रेडिओ २जी आणि ४जी दोन्ही चालवतो, म्हणजे वेगळं जुनं मशिन सांभाळायचा खर्चही पूर्वीइतका नाही. थोडक्यात, शेवटच्या मामाचा शेवटचा डबा बदलेपर्यंत थांबायची किंमत सांगतात तेवढी मोठी नाही.

पैशाचं बोलू. ‘२जीवाले कमी पैसे देतात म्हणून नेटवर्क तोट्यात’ असं म्हणायची सवय लागलीय. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा एअरटेलचा महिन्याचा सगळ्यात साधा अनलिमिटेड प्लॅन १७९ चा १९९ झाला, २८ दिवसांसाठी, त्यात डेटाही होता जो बटणाच्या फोनवाल्याच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हणजे ज्याला फक्त लेकीशी बोलायचंय तो न वापरलेल्या डेटाचेही पैसे भरत होता. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन देणं सक्तीचं केलं, मग ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपासचे प्लॅन आले. नियामकाने मनावर घेतलं तर होतं, याचा हा ताजा पुरावा, आणि २जीच्या बाबतीत मी जे मागतोय ते याच जातीचं आहे.

बरं, बटणाचा फोन सोडून ४जी फोन घ्यावा तर कुठला? जुलै २०२३ मध्ये जिओभारत आला, ९९९ रुपयांत, ४जीवर चालणारा बटणाचा फोन, यूपीआयसकट, १२३ रुपयांचा रिचार्ज. फोन म्हणून चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. पण तो एकाच कंपनीच्या सिमवर चालतो. आपल्याला २०११ च्या जानेवारीपासून देशभर नंबर पोर्ट करायचा हक्क मिळाला, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, रेंज नसेल तर दुसरीकडे जायचं. २जीच्या फोनवर हा हक्क आपोआप चालतो, कारण फोन सगळ्यांचा. सगळ्यात गरीब ग्राहकाला ज्या फोनवर ढकलणार तो जर एकाच कंपनीला बांधलेला असेल तर पोर्टिंगचा हक्क कागदावर राहील, त्याला कंपनी बदलायला फोनही बदलावा लागेल. बाकीच्या कंपन्यांचा व्होल्टी चालणारा, कुलूप नसलेला, हजार-बाराशेचा साधा फोन गावच्या दुकानात सहज मिळतोय असं दिसल्याशिवाय २जी बंद करू नये, एवढी अट ठेवायला काय हरकत आहे?

आपण याआधी अशी बंदी तीनदा तरी पाहिलीय, आणि दर वेळी ग्राहक वाऱ्यावर होता. सीडीएमए आठवतं का, जीएसएमपेक्षा वेगळं मोबाईल तंत्रज्ञान? जुन्या रिलायन्स इन्फोकॉमने (नंतरची आरकॉम, जिओ नव्हे) २००३ ला ५०१ रुपयांत लोकांच्या हातात दिलेले फोन, ‘कर लो दुनिया मुठ्ठी में’ म्हणत. २०१६ ला ते नेटवर्क ४जीकडे वळवलं आणि ते फोन दुसऱ्या कुठल्याच जीएसएम नेटवर्कवर चालणारे नव्हते, हँडसेट फेकूनच द्यायचा. २०१७ च्या अखेरीस त्याच कंपनीची २जी-३जी कॉल सेवा बंद झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत एअरसेल दिवाळखोरीत गेली, तामिळनाडूत नेटवर्क अचानक गेलं, पोर्टिंगचा कोड मिळवायला लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. तेव्हा हातात दुसरा पर्याय तरी होता, दुसऱ्या कंपनीचं २जी चालू होतं. आता सगळ्यांचंच जाणार, तर उतरायला खाली काही नाही.

आणि रेंज. सरकारनेच जुलै २०२२ मध्ये ४जी न पोचलेली २४,६८० गावं मोजून त्यांच्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. बीएसएनएलने २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू केल्याचं जाहीर केलं, सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा गाभा, तेजस कंपनीचे रेडिओ, टीसीएसने जुळवलेलं, बीएसएनएलचे ९२,६०० टॉवर. याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आपल्या लोकांनी ४जीचा अख्खा गाभा स्वतः लिहिला, असे देश मोजकेच आहेत. पण त्यातून हेही दिसतं की सरकारी कंपनी ४जीवर नीट यायलाच २०२५ उजाडलं. ट्रायच्या नियमामुळे कंपन्यांना आता २जी, ४जी, ५जी कुठे आहे याचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, तेही चांगलं झालं. आपल्या गावाचा नकाशा उघडून बघा. आणि मग घराच्या आतल्या खोलीत, दार लावून, ४जीवर कॉल लावून बघा. नकाशात रंग असतो आणि आवाज तुटत असतो, कारण डेटा अडखळला तर व्हिडिओ जरा थांबून पुढे जातो, कॉल तसा थांबू शकत नाही. धडगाव, भामरागड, सह्याद्रीच्या कडेची गावं, पलीकडे गोव्यात सत्तरी-सांगेकडचा डोंगराळ भाग, दूरसंचारच्या हिशोबात हे सगळं एकच महाराष्ट्र सर्कल आहे, आणि सर्कलची सरासरी काढली की पुणे-नाशिकच्या आकड्यांखाली ही गावं दिसेनाशी होतात. म्हणून मोजणी तालुक्याची हवी, घराच्या आतली हवी, आणि कॉलची हवी.

तर मागणी काय? ट्रायने यावर लोकांची मतं मागवणारं स्वतंत्र सल्लापत्र काढावं, मराठीसकट प्रादेशिक भाषांमध्ये, आणि किमान पाच वर्षांनंतरची एक तारीख ठरवावी. त्या तारखेच्या आधी तालुकावार दाखवावं की ४जीवर, घरात, साध्या फोनवरून कॉल लागतो आणि ११२ लागतो. जिथे दाखवता येणार नाही तिथे २जीचा पातळ थर चालू ठेवायची सक्ती करावी. आजपासून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही सिमवाल्या मशिनवर ते २जी आहे की ४जी हे खोक्यावर ठळक छापायला लावावं, कारण आजही कुणीतरी नवा २जी स्टार्टर विकत घेत असेल आणि त्याला वाटत असेल की हा दहा वर्षं चालेल. मशिनच्या सिमना दूरसंचार खात्याने वेगळे १३ आकडी नंबर आधीच दिलेत, दर महिन्याच्या ट्रायच्या अहवालात अशा सिमची एकूण संख्या येते. त्यातली किती २जीवर आहेत हा एक कॉलम त्यात वाढवायला फारसा खर्च नाही, माहिती कंपन्यांकडे आहेच. आणि मामांसारख्यांचा डबा बदलायचा खर्च, तो मोकळ्या झालेल्या ९०० मेगाहर्ट्झमधून ज्यांना कमाई होणार त्यांनी उचलावा, किंवा कंपन्यांच्या कमाईतून डिजिटल भारत निधीत दर वर्षी पैसे जमा होतात, त्यातून द्यावा. तो निधी मुख्यतः ग्रामीण आणि मागे राहिलेल्या भागातल्या दूरसंचारासाठीच आहे.